आधी दोर कोण सोडणार?

मी प्रचंड रागावलेली आहे. हे सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण मी रागावले की लोकांना ते कळतच नाही. माझा आवाज कापतो, हात थरथरतात, आणि समोरचा माणूस "घाबरू नकोस हं" म्हणत पाणी आणून देतो. लग्नाआधी आई द्यायची, आता सासूबाई देतात. सध्या मी इतक्या वेळा रागावतेय की पाण्याचा पेला दिसला तरी डोकं फिरतं. म्हणून लिहून काढतेय. कागद निदान पाणी तरी आणून देत नाही.

सगळं सुरू झालं ते एका साध्या विचारातून. 'दोघींना एकदा एकत्र जेवायला बसवू या.' बस. एवढाच माझा गुन्हा.

दोघी म्हणजे माझी आई, सावित्री, आणि माझ्या सासूबाई, धोंडूबाई. माझं माहेर वाडीवाल्यांचं, म्हणजे केळी, पानवेली आणि दारात मोगरा. सासर खाडीकडचं, भातशेतीवालं. दोन्हींत रिक्षाने दहा मिनिटांचं अंतर. आणि या दोन्ही बायका रस्सीखेचीच्या आपापल्या संघाच्या कॅप्टन. तालुक्याच्या क्रीडा महोत्सवात बायकांच्या रस्सीखेचीचा शेवटचा सामना वर्षानुवर्षं या दोघींच्यातच होतो. गेल्या वर्षीच्या सामन्याचा निकाल माहेरी एक सांगतात, सासरी दुसरा. मी दोन्हीकडे 'हो ना' म्हणते.

(माझं आणि प्रितेशचं जमलं ते कॉलेजात. तेव्हा आपापल्या आया दोराच्या कुठल्या टोकाला असतात, हे आम्ही एकमेकांना विचारलंच नव्हतं. विचारायला हवं होतं. पत्रिका बघतात तसं.)

यंदा आयोजकांनी नियम काढला : एका प्रभागातून एकच संघ. आणि माझं माहेर-सासर एकाच प्रभागात! म्हणजे आईकडच्या चौघी, आई, शेजारची पॉलिन आंटी आणि तिच्या दोन सुना, आणि सासूबाईंकडच्या चौघी, त्या स्वतः, माझी नणंद खुशी आणि सासूबाईंच्या दोन जावा, यांचा मिळून एक संघ. मी मॅनेजर. का, तर दोन्हीकडच्यांना माझ्यावर ओरडायची सवय आहे.

आता रस्सीखेचीत सगळ्यात शेवटी जी उभी राहते तिला अँकर म्हणतात. दोर खांद्यावरून घेऊन, टाचा रोवून ती उभी असते आणि सगळा संघ तिच्या जिवावर. आई तिकडची अँकर, सासूबाई इकडच्या. पण दोराला शेवट एकच. पहिल्याच सरावाला दोघी शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. शेजारी शेजारी. दोघींच्या हातात दोराचं तेच टोक.

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं हो! पण विहिणी भांडत नाहीत. विहिणी मान देतात.

"तुम्ही पुढे व्हा ना विहीणबाई, तुमची कंबर दुखते ना," आई म्हणाली.

"माझी कंबर? नाय बा. तुमीच बसा सावलीत. वाडीतली मानसं तुमी, उन्हाची सवय नाय," सासूबाई म्हणाल्या.

त्या दिवशी दोर जमिनीवरून उचललाच गेला नाही. घरी येऊन सासूबाईंनी जाहीर केलं, "मी नाय खेलत. विहिनबाईंना खेचू दे एकटीला." तिकडे आईचा फोन, "रेवू, मी नाव काढून घेते गं. उगाच तुला सासरी त्रास नको." 'त्रास नको' हे असं म्हणाली, की पुढची तीस वर्षं मला त्रास होणार हे स्पष्ट ऐकू आलं.

कारण टीम फुटली तर या दोघी मोकळ्या. मी कुठे जाणार? दोराच्या मध्यावर तो लाल रुमाल बांधतात ना, इकडे सरकला की हे जिंकले, तिकडे सरकला की ते, तो रुमाल म्हणजे मी. जन्मभर.

म्हणून मी ठरवलं, टीम बांधायची. मी सातिवलीला पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका कंपनीत एचआरला आहे. (म्हणजे लोकांच्या रजा मोजते. पण मानसशास्त्र घेऊन बीए केलंय, ते वाया कसं घालवायचं?) नव्या खेळाडूंची सीझनआधी मैत्री कशी करावी, यावर मी फोनवर बरंच वाचलं. मैदानापासून लांब न्या, एकत्र जेवा, खेळ खेळा, आणि शेवटी सगळ्यांना मिळून एक काम द्या. ठिकाण ठरवलं कळंबचा किनारा. वार ठरवताना जीव गेला. सासूबाईंचा सोमवार, आईचा मंगळवार, गुरुवारी मार्गशीर्षाचं, पॉलिन आंटीचा शुक्रवार, शनिवार-रविवारी किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. उरला बुधवार. अमावस्या झाल्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

तो अमावस्येच्या दुसऱ्या दिवशीचा होता, याकडे मी लक्ष दिलं नाही. मॅनेजर होते ना मी. समुद्राचं कॅलेंडर बघणं माझ्या कामात बसत नाही, असं मला वाटलं.

सुरूच्या झाडांखाली चटया घातल्या. पहिला खेळ विश्वासाचा. एकीने डोळे मिटून मागे पडायचं, दुसरीने तिला झेलायचं. मी हे समजावून सांगितलं तेव्हा सासूबाईंनी आईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मी पडू? विहिनबाईंच्या अंगावर? अगो, ती बाई जाईल ना!"

"मी धरणार नाही असं म्हटलंय का मी?" आई पदर खोचत म्हणाली. "पडा तुम्ही. बिनधास्त पडा."

"आदी तुमी पडा."

"छे, छे. मान तुमचा. मुलाकडच्या तुम्ही."

"आता आपन एका टीमचे. कसली पोराकडची नि कसली पोरीकडची? पडा तुमी."

बराच वेळ दोघी एकमेकींकडे पाठ करून ताठ उभ्या. शेवटी पॉलिन आंटीच कंटाळून धपकन खाली बसली आणि म्हणाली, "मी पडले. झाला तुझा गेम? आता जेवायला वाढ."

दुसरा खेळ, समोरचीबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची. मला वाटलं, यात काय बिघडणार?

आई म्हणाली, "विहीणबाईंचा आवाज किती छान खणखणीत आहे. त्या घरात बोलल्या की आमच्या वाडीत ऐकू येतं."

सासूबाई म्हणाल्या, "विहिनबाईंचं कालवन एकदम चांगलं. लहान पोरांना पन चालतं. तिखट नाय, खारट नाय, कायच नाय."

खुशी माझ्या कानात म्हणाली, "वहिनी, तू बंद कर हे. सिरीयसली. खून होईल इथे."

म्हटलं, आता शेवटचं, मिळून करायचं काम. आठ जणींना एका बाजूने दोर ओढायला लावायचा, दुसरं टोक झाडाला. मी दोर शोधायला लागले. दोर नव्हता. प्रितेशला फोन लावला.

"दोर? डिकीत आहे ना."

"डिकी कुठेय?"

"स्कूटरला."

"आणि स्कूटर?"

"माझ्याकडे. मी कामणला आहे, गोडाऊनवर. का गं? घाबरलीस का? पाणी पी."

मी फोन आपटला. (वाळूवर आपटला. हप्ते चालू आहेत.)

आणि तेवढ्यात मला दोर दिसला. चांगला मनगटाएवढा जाड, हिरवा नायलॉनचा. एक टोक सुरूच्या बुंध्याला सैलसं गुंडाळलेलं, बाकीचा वाळूत अर्धा गाडलेला आणि पुढे पाण्यात गेलेला. भरती अगदी वरपर्यंत आली होती. काठाशी दहा-बारा होड्या एकमेकींना खेटून डुलत होत्या. मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगते : मला वाटलं, हा टाकून दिलेला दोर आहे आणि याचं टोक चिखलात रुतलंय. किनाऱ्यावर जिथे होड्या आहेत तिथे दोर कशाला असतो, हा प्रश्न बीएला नव्हता.

"हा ओढून बाहेर काढायचा!" मी टाळ्या वाजवल्या. "सगळ्यांनी मिळून! हेच आपलं काम!"

आठही जणी उठल्या. जेवणं झाली होती, कुचकं बोलून हात शिवशिवत होते. बुंध्याचा वेढा काढला आणि दोर हातात घेतला. पुढे सुना, मग जावा, मग खुशी, पॉलिन आंटी, आणि शेवटी अर्थातच दोघी. शेजारी शेजारी. तेच टोक.

"सोडू नका हं विहीणबाई. झेपत नसेल तर सांगा," आई म्हणाली.

"मी? तुमी सोडलात तर मी सोडीन," सासूबाई म्हणाल्या.

"हय्या!" पॉलिन आंटी ओरडली.

आणि मी जे पाहिलं ते मी सरावात कधी पाहिलं नव्हतं. सोळा टाचा एकदम वाळूत रुतल्या. सोळा दंड एकदम मागे आले. दोर पाण्यातून ताठ वर उठला. मी आनंदाने नाचायला लागले. टीम! माझी टीम! दुसरा 'हय्या', तिसरा 'हय्या', आणि त्या दहा-बारा होड्यांच्या गर्दीतून एक निळी होडी नाक वर करून बाहेर आली आणि आमच्याकडे यायला लागली.

मी किंचाळले.

इथे एक अडचण आहे. मी कुकरच्या शिट्टीला किंचाळते. पालीला, कुरिअरवाल्याला, टोस्टर वर उडाला की टोस्टला किंचाळते. त्यामुळे माझ्या किंचाळण्याकडे घरात कोणी मान वळवत नाही. इथेही वळवली नाही.

"थांबा! होडी! होडी आहे ती!"

"ही घाबरली बघ," पॉलिन आंटी पुढच्या सुनेला म्हणाली. "ज्युली, पाणी दे गो तिला. नको, हात सोडू नको, नंतर दे. हय्या!"

होडी काठाला लागली. थांबेल असं वाटलं. पण मागून लाट आली, तिने होडी उचलली, आणि यांनी लाटेचा नेमका फायदा घेतला. होडी वाळूवर. मग ओल्या वाळूवरून कोरड्या वाळूवर. बाकीच्या सहा जणींनी एव्हाना मान वर करून पाहिलं होतं, त्यांना दिसलं होतं, त्यांचे हात सैल पडले होते. पण त्या दोघी! डोळे मिटलेले, दात आवळलेले, मानेच्या शिरा फुगलेल्या. मी आईचा हात धरला, तो सुटेना. सासूबाईंचा पदर ओढला, तर मीच घसरत चालले. आणि त्या दोघी थांबत नाहीत म्हटल्यावर बाकीच्याही पुन्हा ओढायला लागल्या, आपण कमी पडलो असं कोणाला दिसायला नको ना! होडी सुरूच्या बुंध्याला ठोकली तेव्हा कुठे थांबली. आमच्या चटईवर. पापडांच्या डब्यावर.

तेवढ्यात चहाच्या टपरीवरून दोन माणसं धावत आली. पुढचे माझे सासरे, हरेश्वर. मागचे त्यांचे मित्र ऑस्करकाका. रिटायर झाल्यावर सासऱ्यांनी ऑस्करकाकांबरोबर अर्ध्या भागीत एक लहानशी होडी घेतली होती. निळी.

"ही वर कोनी आनली?" सासरे गरजले.

आठ बोटं माझ्याकडे वळली. आईचंसुद्धा. नऊ महिने पोटात वाढवणाऱ्या आईचंसुद्धा!

"मी हात तरी लावला का दोराला?" मी म्हणाले. रागाने आवाज फाटला होता. ऑस्करकाकांनी लगेच पाण्याची बाटली पुढे केली.

"अगं बाय, अमावस्येचं उधान होतं आज," ते कपाळाला हात लावून म्हणाले. "पानी सगळ्यात वर चढतं ते आज. आता उतरत जाणार रोज. पुनवेपर्यंत इथे पानी यायचं नाय. तोवर काय करू मी? होडीत बसून चणे खाऊ?"

"ढकलू या ना परत," खुशी म्हणाली. सगळ्यांनी ढकललं. ओहोटी लागली होती. होडी जागची हलली नाही आणि पाणी मात्र प्रत्येक मिनिटाला आणखी लांब जाऊन बसत होतं, हसत असल्यासारखं.

सासरे बायकोकडे वळले. "तुला दिसली नाय? आपली होडी! रोज घरात जिच्या नावाने ओरडतेस ती?"

सासूबाई पदराने घाम पुसत होत्या. "दिसली ना. लाटेवर आली तवाच दिसली."

"मग सोडला का नाय दोर?"

"विहिनबाईंनी कुठे सोडला?"

सगळे आईकडे बघायला लागले. आई शांतपणे म्हणाली, "मलाही दिसली होती. म्हटलं, मालकीणबाई ओढताहेत, तर मी मध्येच कशी सोडू? बरं दिसेल का?"

मग सासूबाईंच्या पोटातून काहीतरी वर आलं. मला वाटलं उलटी. हसू होतं ते. आईचंही सुटलं. दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून, पापडांच्या चुऱ्यात बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आणि मग सासूबाई म्हणाल्या, "ही सवत माझी एकटीच्याने कदी हलली नसती गो सावित्री."

गो सावित्री! लग्नात मांडवात दोघींनी एकमेकींना नावाने हाक मारली नव्हती. वाचलेल्या सगळ्या लेखांत जे लिहिलं होतं ते झालं. टीम झाली. मला आनंद व्हायला हवा होता, हो की नाही? पण घरी जाताना आई सासूबाईंबरोबर रिक्षात बसली, सुना जावांबरोबर बसल्या, आणि ऑस्करकाकांच्या होडीतल्या जाळ्याची राखण करायला म्हणून मला किनाऱ्यावर ठेवलं. "तूच आनलीस ना सगळ्यांना इकडे?" सासरे म्हणाले.

तेव्हापासून दोघी रोज फोनवर असतात. विषय एकच. मी. आईने सासूबाईंना सांगितलं की मी दहावीपर्यंत अंधारात बाथरूमला जात नव्हते. सासूबाईंनी आईला सांगितलं की मी अजूनही जात नाही. आईने सांगितलं, हिला उशिरा उठायची सवय लहानपणापासून, तुम्ही सरळ पांघरूण ओढा. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी सरळ पांघरूण ओढलं. (मी किंचाळले. त्या म्हणाल्या, "तुजी आय म्हनाली तशीच ओरडतेस गो.") पूर्वी दोघी एकमेकींच्या विरुद्ध होत्या तेव्हा दोघी माझ्या बाजूने असायच्या, हे मला आता कळतंय! मी जाऊन खडसावलं दोघींना. रीतसर खडसावलं. दोघींनी एकदम पाणी आणलं. दोन पेले.

अँकरचा प्रश्न? सुटला. एका फेरीला आई, एका फेरीला सासूबाई. माझ्याशिवाय, एका फोनवर. रविवारी महोत्सवात त्यांनी एकही फेरी न हरता कप आणला. मला मैदानात उभं राहू दिलं नाही, मी किंचाळले तर लय बिघडते म्हणून. मी पार्किंगमध्ये प्रितेशच्या डिकीवर बसून टाळ्या ऐकल्या.

मग पौर्णिमा आली. उधाणाचं पाणी सुरूपर्यंत चढलं आणि होडी परत ढकलायला सगळी टीम मेडल घालून कळंबला हजर. सासऱ्यांनी मला होडीत चढायला सांगितलं. "तू हलकी हायेस. मागं बस आनि वल्हं सरळ धरून ठेव. होडी पान्यात उतरली की मी चढतो, तू उतर." मला पोहता येत नाही, पाण्याची भीती वाटते, हे सांगायला मी तोंड उघडलं. "पाणी पाहिजे का?" ऑस्करकाका म्हणाले. मी रागाने चढले.

चौघी डावीकडून, चौघी उजवीकडून. "हय्या!" एकच. एकच हय्या पुरला. होडी सुटली ती सरळ लाटांवरून पलीकडे. सासऱ्यांनी चढायला पाय उचलला होता, तो तसाच हवेत राहिला असेल, मला दिसला नाही, मी तोवर बरीच पुढे गेले होते. काठावर टाळ्या, शिट्ट्या, मिठ्या. मी उभी राहून दोन्ही हात हलवले, ओरडले, जिवाच्या आकांताने ओरडले. ऑस्करकाका सगळ्यांना समुद्राकडे पाठ करून उभं करत होते. फोटोसाठी. सासरेही कप धरून मध्ये.

एका कोळ्याने त्याच्या होडीने मला ओढत परत आणलं तेव्हा काठावर कोणी नव्हतं. सगळे टपरीवर चहा पीत होते. मी ओल्या साडीत, थरथरत, काय काय बोलायचं ते मनात जुळवत वाळूवर बसले आणि फोन उघडला. टीमच्या ग्रुपवर तो फोटो आला होता. पुढे आठ बायका, सासरे आणि कप, आणि मागे लांब समुद्रात एक ठिपक्याएवढी होडी, तिच्यात उभं राहून हात हलवणारी कोणीतरी.

खाली आईने लिहिलं होतं, "मागे ती कोण गं बाई? किती मनापासून आपल्याला चिअर करतेय!"

आणि त्याखाली सासूबाईंचा व्हॉइस मेसेज होता. "कोन हाय ती, बग गो खुशी, इचार तिला. हातात काय जोर हाय बाईच्या! पुडच्या सालाला आपल्या टीममदे घेऊ. रेवाच्या जागी."